दोरीला दुसरी गाठ

पाउलिआसीनं दोरी पूर्ण फिरवून आणली, तेव्हा नीरफणसाचं झाड वर्तुळाच्या आत आलेलं होतं. त्यानं खुंटी पुन्हा घट्ट ठोकली आणि दोरी परत फिरवली. झाड आतच. झाड काही चालत आत गेलं नव्हतं, पण पाउलिआसीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू सगळी आगळीक त्याचीच.

पाउलिआसी लोतोफाऊ या बेटावरच्या गावाचा गवंडी. बेटावर नदी नाही, ओढा नाही. विहीर आहे, पण तिचं पाणी मचूळ. गोडं पाणी म्हणजे छपरावर पडून पन्हळीतून सिमेंटच्या टाकीत उतरेल तेवढंच. डिसेंबर ते एप्रिल टाकी भरायची आणि पुढचे सात महिने ती पुरवायची. गावातल्या अठ्ठावन्न टाक्यांपैकी एक्कावन्न पाउलिआसीच्या हातच्या, आणि त्या सगळ्या एका मापाच्या. एक दोरी, तिला दीड मीटरवर एक गाठ. एक काठी, दोन मीटर चाळीसची. दोरीनं गोल आखायचा, काठीइतकी भिंत चढवायची, जाळीवर आतून-बाहेरून गिलावा मारायचा, संपलं. चाळीस वर्षांत त्याला दुसरी गाठ मारावी लागली नव्हती आणि याचा त्याला अभिमान होता. एका गाठीवर ज्याचं आयुष्य निघतं त्यानं दुसरी का मारावी?

पण ही टाकी हुलिताची होती, आणि हुलिताचं घर बुटकं. मागच्या मोठ्या वादळात जुनं घर उडालं तेव्हा नवं मुद्दाम ठेंगणं बांधलं होतं, वळचणीखालून वाकूनच आत जावं लागे. पन्हळीचं पाणी टाकीत पडायचं तर टाकी एक मीटर वीसच्या वर चढवता येत नव्हती. म्हणजे काठी बरोबर अर्धी. काठी अर्धी तर दोरी दुप्पट, हे पाउलिआसीनं उभ्या उभ्या ठरवलं आणि तीन मीटरचा गोल आखला. घराच्या एका अंगाला रस्ता, मागे खडक, पलीकडे भुईतल्या भट्टीचा खोपा. टाकीला जागा एवढीच, भिंत आणि झाड यांच्या मधली, जेमतेम सव्वापाच मीटर. त्यात सहा मीटर मावत नव्हते.

हुलिता त्याची थोरली बहीण. वय अडुसष्ट, नवरा वारलेला, मुलगा फेलेती राजधानीत, नुकुआलोफाच्या बंदरात नोकरीला. मागच्या ऑक्टोबरात तिची जुनी टाकी तडकून कोरडी पडली आणि विहिरीवरून पाणी आणताना ती वाटेतच कोसळली. फेलेती धावत आला आणि निघताना सांगून गेला, "आई, सिमेंट मी पाठवतो, पंचवीस गोणी. मामा टाकी बांधतील. एप्रिल संपताना मी येईन आणि टाकी बघेन. सात महिन्यांचं पाणी असेल तर तू इथं. नसेल तर बोटीत, माझ्यासोबत." मुलगा काही वाईट नव्हता. आईला पाण्यापायी मरू देणारा मुलगा त्याहून वाईट असता.

तर हुलिता राहणार की जाणार, हे आता पाउलिआसीच्या दोरीवर होतं. आणि ती जाऊ नये असं पाउलिआसीला इतकं वाटत होतं की त्याला रात्री जेवण जात नव्हतं. पण हे तो तिला सांगणार कसा? बेटाच्या रिवाजानं भाऊ दहा वर्षांचा झाला की बहिणीशी थट्टा संपते, एका चटईवर बसणं संपतं, बहीण घरात आली की भावानं उठून बाहेर जायचं. ते दोघं सरळ एकमेकांशी बोलले त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. निरोप जायचे ते पाउलिआसीच्या मुलीमार्फत. लाविनिया बेटावरच्या शाळेत गणित शिकवायची, आणि बाप नि आत्या यांच्यामध्ये ये-जा करून तिच्या चपला झिजायच्या.

आजही हुलिता खिडकीशी चटई विणत बसली होती. पाउलिआसी खिडकीकडे पाठ करून वळचणीपाशी उभा. दोघांत अंतर चार हातांचं. उंबरठ्यावर लाविनिया.

"लाविनिया, ताईंना सांग, टाकीच्या जागेत झाड येतंय."

"आत्या, बाबा म्हणतात—"

"ऐकू आलं मला. बहिरी नाही झाले अजून." हुलितानं चटईवरून मान वर केली नाही. "तुझ्या बापाला म्हणावं, टाक्या त्यानं बांधल्यात, मी नाही. त्याच्या दोरीत झाड येत असेल तर कापा झाड."

पाउलिआसीनं झाडाकडे पाहिलं. त्या झाडाच्या बुडाशी त्याची नाळ पुरलेली होती. तो जन्मला तेव्हा इथंच जुनं घर होतं, आणि आईनं नाळ पुरून वर नीरफणसाचा फुटवा लावला तेव्हा सहा वर्षांच्या हुलितानं त्याला पाणी घातलं होतं. ही गोष्ट घरात हजारदा सांगून झालेली. आता हुलिताच म्हणत होती, कापा. एवढ्या सहज?

"ताईंना विचार," तो घसा खाकरून म्हणाला, "दिवसाला चार बादल्या धरल्यात त्या तीन केल्या तर? टाकी लहान होईल. एका माणसाला तीन बादल्या रग्गड."

"आत्या—"

"चार," हुलिता म्हणाली.

"अगं आत्या, एक पिण्या-रांधण्याची, एक अंघोळीची, एक धुण्याची. चौथी कशाला?"

"तू गणिताची बाई ना? मग गणित कर. चौकशा करू नको. चार म्हणजे चार."

पाउलिआसीनं खुंटी उपटली. ताईंना जायचंच असणार, त्याच्या मनात आलं. थकल्या असतील. मुलाकडे नळ आहे, नातवंडं आहेत. झाडाची पर्वा नाही, बादली सोडायची नाही, मग टाकी नाही जमली म्हणून बोटीत बसायचं, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. त्याला फार वाईट वाटलं. लाविनियानं मात्र एक गोष्ट पाहिली होती जी पाठमोऱ्या बापाला दिसणं शक्य नव्हतं. 'कापा' म्हटल्यावर आत्याची बोटं थांबली होती, आणि चटईच्या पुढच्या तीन पाती उलट्या विणल्या गेल्या होत्या. आत्याच्या हातून पात उलटी पडलेली कुणी कधी पाहिली नव्हती.

घराकडे जाताना कुंपणाच्या कोपऱ्यावर पाउलिआसी नेहमीसारखा थांबला. तिथं दगडावर एक जुना पत्र्याचा टब असे, लहानपणी फेलेतीला ज्यात अंघोळ घालत तो. संध्याकाळी त्यात गोडं पाणी असे, टाकी तडकल्यापासून शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं का असेना, आणि कडेला नारळाची करवंटी. सिमेंटचा चुना हात खातो, आणि फुटलेल्या हातांवर विहिरीचं पाणी पडलं की माणूस नाचतो. पाउलिआसीनं सावकाश हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि तो पुढं गेला. हे किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक. पाण्याबद्दल त्यानं कधी विचारलं नव्हतं. जुन्या वळणाची बाई, वाटसरूंसाठी ठेवत असेल. ती वाट त्याच्याच अंगणात जाऊन संपते आणि दुसरा वाटसरू तिथं यायचा तर समुद्रातूनच यावा लागेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. गवंड्याचं लक्ष भिंतीकडे, वाटेकडे नाही.

घरी आल्यावर तो कुऱ्हाड घेऊन बसला. घासली, पाणी मारलं, पुन्हा घासली. बायको ऑकलंडला धाकटीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे त्याला हटकायला लाविनियाच होती.

"बाबा, धार लावताय की कुऱ्हाड संपवताय?"

"आत्याची आज्ञा आहे. उद्या झाड पाडायचं."

"आणि सिमेंट? गोणी पंचवीस आहेत. तुमच्या या गोलाला चाळीसच्या वर लागतील."

हे त्यालाही दिसलं होतं. दिसलं म्हणूनच तर जेवण जात नव्हतं. "मग काय करू? उंची अर्धी, तर रुंदी दुप्पट. यात शाळेत शिकवण्यासारखं काय आहे?"

"माझ्या वर्गातली तीस पोरं असंच म्हणतात."

"मग तीस पोरं शहाणी आहेत."

लाविनिया उठली. डुकरांसाठी रचलेल्या नारळांच्या ढिगाजवळ तिनं कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची दोरी घेतली, वाळूत गोल आखला आणि बापाला म्हणाली, "भरा नारळांनी. एकमेकांना चिकटून."

"पोरखेळ."

"भरा तर."

सतरा नारळ बसले. मग तिनं दोरी दुप्पट केली आणि शेजारी दुसरा गोल आखला. पाउलिआसी मनात चौतीस धरून नारळ लावू लागला. चौतीस झाले तेव्हा अर्धा गोल मोकळाच होता. पन्नास झाले. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, खाली वाकला, पुन्हा लावू लागला. गोल भरला तेव्हा एकोणसत्तर झाले होते.

"यात बारके नारळ घातलेस तू."

"ढीग तुम्ही रचलाय, बाबा."

"चौपट?" त्यानं दोन्ही गोलांकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोरी दुप्पट आणि नारळ चौपट?"

"गोल दोन्ही अंगांनी वाढतो ना. दोरी दोनदा मोजली जाते. तुम्ही उंची अर्धी केलीत आणि तळ चौपट. पाणी दुप्पट मावेल त्यात. आत्याला काय त्यात पोहायचंय?"

पाउलिआसी नारळांच्या शेजारी मांडी घालून बसला. चाळीस वर्षांचा गवंडी, आणि सतरा नारळांनी त्याला आडवा केला. लाविनियाला त्याची दया आली, पण बाप असा हातात क्वचितच सापडतो. तिनं प्लायवूडचा तुकडा पुढ्यात घेतला आणि कोळशानं लिहिलं:

पाणी = ३.१४ × दोरी × दोरी × उंची

"आता बघा. पाणी किती ते ठाऊक आहे. चार बादल्या, वीस वीस लिटरच्या, दिवस दोनशे दहा. सोळा हजार आठशे लिटर, सतरा हजार धरू. हजार लिटर म्हणजे एक घनमीटर, म्हणून मीटरच्या मापात नुसते सतरा. उंची ठाऊक आहे, एक मीटर वीस. ठाऊक नाही ती दोरी. म्हणून दोरीला एकटीला बसवायचं."

"ती तर सगळ्यांच्या मध्ये बसलीये."

"म्हणून बाकीच्यांना उठवायचं. पण ढकलून नाही, रीतीनं. जे गुणून आत आले ते भागून बाहेर जातात. उंची उठली, दाराबाहेर गेली, पाण्याच्या खाली जाऊन बसली. ३.१४ उठलं, तेही गेलं, तिच्या शेजारी बसलं."

पाउलिआसीनं पाटीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "ताई आत आल्या की मी उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसतो, तसं."

"अगदी तसं."

"मग सरळ तसं सांगायचं ना! एवढं ३.१४ कशाला?" तो पुढं सरकला. "आता दोरी एकटी?"

"अजून नाही. दोरी गुणिले दोरी, दोघी आहेत. सतराला ३.१४ नं भागलं, एक पूर्णांक दोननं भागलं, की साडेचार राहतात. आता अशी संख्या शोधा जी स्वतःशीच गुणली की साडेचार होईल."

हे मात्र पाउलिआसीला पाटीशिवाय कळलं. ठोकून, तासून, पुन्हा लावून बघायचं, हा तर त्याचा धंदाच. दोन दुणे चार, कमी पडले. सव्वादोन घेतले, जास्त झाले. दोन पूर्णांक एक, किंचित कमी. लाविनिया गुणाकार करत होती, तो एकेक बोट सरकवत होता. शेवटी ते दोन मीटर बारावर आले. पाउलिआसीनं दोरी घेतली, माप लावलं आणि चाळीस वर्षांनी तिला दुसरी गाठ मारली. मग ती गाठ धरून तो मनात हुलिताच्या अंगणात गेला. भिंतीपासून सव्वाचार मीटर. झाड त्याच्या पलीकडे, मीटरभर अंतरावर.

"झाड वाचलं," तो म्हणाला, आणि सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसू लागला. लाविनियानं कोळशाचे हात पुसायचं निमित्त केलं आणि तिकडे बघितलं नाही.

मग तिला आठवलं. "पण बाबा, आत्यानं कापा म्हटलंय. आत्याचा शब्द कुणी फिरवायचा?"

प्रश्न खराच होता. बापाच्या बहिणीचा शब्द म्हणजे घरात शेवटचा शब्द. तिच्या शब्दाला 'पण' लावायचा नाही, भावानं नाही, भाचीनं तर नाहीच. दोरी चुकली भावाची, त्या चुकीला मान देऊन बहिणीनं झाड देऊन टाकलं, आणि बहिणीच्या शब्दाला मान देऊन भाऊ कुऱ्हाड घासत बसला. मानापानाच्या नादात झाड जाणार होतं आणि दोघांपैकी एकालाही ते नको होतं.

"शब्द त्यांचा आहे," पाउलिआसी विचार करून म्हणाला, "पण चूक माझी आहे. माझी मी मागे घेऊ शकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो हुलिताच्या अंगणात हजर झाला. अंगात गिलाव्यानं माखलेला सदरा, पायांत फाटके बूट, आणि कमरेला रविवारी चर्चला जाताना बांधायची ती आईच्या हातची जुनी चटई. माफी मागायला किंवा मयताला जाताना माणूस चटई बांधतो, हे खरं, पण ती बांधून कुणी सिमेंटच्या कामावर येत नाही. लाविनियाला हसू आवरेना. पाउलिआसीनं गंभीरपणे खराट्यानं मोठा गोल पुसला, खुंटी सरकवून ठोकली आणि नव्या गाठीनं लहान गोल आखला. झाड बाहेर.

खिडकीतून आवाज आला, "लाविनिया, तुझ्या बापाला विचार, आज कुणाचं मयत आहे?"

"ताईंना सांग," पाउलिआसी खिडकीकडे पाठ करून म्हणाला, "चूक माझ्या दोरीची होती. झाडाची नव्हती. चार बादल्या बसतात, सिमेंटही पुरतं."

लाविनियानं तोंड उघडलं, पण आत्यानं हात वर करून तिला थांबवलं. आदल्या दिवशीच्या तीन उलट्या पाती तिनं उसवल्या. मग हुलिता म्हणाली, "मग राहू दे म्हणावं झाड." आणि थोड्या वेळानं, "सकाळपासून काही खाल्लंय का त्यानं, विचार." उत्तराची वाट न बघता तिनं भाजलेला नीरफणस, त्याच झाडाचा, केळीच्या पानावर घालून बाहेर पाठवला. पाउलिआसीनं तो उभ्यानं खाल्ला. इतकी भूक त्याला कितीतरी दिवसांत लागली नव्हती.

टाकी दहा दिवसांत उभी राहिली. झाडाची दोन मुळं तोडावी लागली, झाडानं ते मनाला लावून घेतलं नाही. टाकी दिसायला विचित्रच झाली, रुंद आणि बसकी. संध्याकाळी कावाच्या मुळांचं गुंगीचं पेय प्यायला जमणाऱ्या मंडळींनी तिला 'पाउलिआसीचं बूड' असं नाव ठेवलं, आणि पाउलिआसीनं ते हसून घेतलं. नव्या गाठीची गोष्ट मात्र तो सगळ्यांना सांगत सुटला, लाविनियाचं नाव गाळून. लाविनियानं त्याला माफ केलं.

एक गोष्ट तेवढी त्याच्या डोक्यातून जाईना. ती पाटी त्यानं घरी दाराशी टांगून ठेवली होती, आणि आता त्याला कळलं होतं की त्यातल्या कुणालाही एकटं बसवता येतं. दोरीला बसवता येतं तसं बादल्यांनाही. पाण्याला दिवसांनी भागा, वीसनं भागा, बादल्या एकट्या उरतात. चार. त्यातून पिण्याची काढा, अंघोळीची काढा, धुण्याची काढा. एक उरते. ती कुणाची? एका संध्याकाळी कुंपणाच्या कोपऱ्यावर हात धुवायला वाकताना त्याचा हात थांबला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि टबातलं पाणी आपल्या रिकाम्या बादलीत ओतलं. बादली काठोकाठ भरली. ना थेंब जास्त, ना थेंब कमी.

मग त्यानं पाणी जपून टबात परत ओतलं, रोजच्यासारखे हात धुतले आणि कुणाला काही न बोलता घरी गेला.

पाऊस त्या वर्षी लवकर संपला. फेलेती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बोटीतून उतरला. बंदरावरून येता येता त्यानं मामाच्या घरातून एक कोंबडा उचलला. भाच्यानं मामाचं काहीही न विचारता घ्यावं हा रिवाजच, आणि पाउलिआसीला तो कोंबडा तसाही आवडत नव्हता. दुपारी फेलेतीनं टाकीवर चढून काठी आत सोडली. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"टाकी छान झालीये, मामा. पण पाऊण भरलीये. पाऊस तर आता नाही." त्यानं फोनवर हिशोब केला. "साडेबारा हजारांच्या थोडं वर. चार बादल्यांनी ऑक्टोबर लागला की संपलं. मग पुन्हा विहीर, पुन्हा तेच." तो खिडकीकडे वळला. "आई, तीन बादल्यांत भागव. तीन केल्यास तर बरोबर सात महिने जातात. मग मी एक शब्द बोलत नाही, तू इथंच राहा."

हुलिता चटई विणत होती. "चार."

"एका माणसाला चार बादल्या? अगं, कशाला?"

"चार लागतात."

"मग सामान बांध," फेलेती म्हणाला. त्याला ओरडायचं नव्हतं, पण आवाज चढलाच. "एका बादलीसाठी घर सोडशील, पण हट्ट सोडणार नाहीस?"

लाविनियानं आत्याकडे पाहिलं. हुलिताच्या हातून पुन्हा पात उलटी पडत होती. ती खरंच गेली असती. बोटीत बसली असती, पण ती चौथी बादली कशाला ते मुलाला सांगितलं नसतं, कारण अशा गोष्टी बहीण तोंडानं सांगत नाही.

वळचणीपाशी पाठमोरा उभा असलेला पाउलिआसी वळला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड खिडकीकडे होतं. तो बोलला फेलेतीशीच, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता.

"चौथी माझी आहे."

"काय?"

"चौथी बादली माझी. त्या पाण्यानं मी रोज हात धुतो. कधीपासून ते मलाही माहीत नाही." त्यानं आपले दोन्ही हात पुढं केले. चुन्यानं खाल्लेले, पण चाळीस वर्षांच्या गवंड्याच्या मानानं फारच धड राहिलेले. "ती बादली इकडची नव्हेच, माझ्या बाजूची आहे. म्हणून ती मी पलीकडे नेतो. माझी टाकी भरलेली आहे, मामी ऑकलंडला, आम्ही दोघंच. रोज सकाळी माझ्या टाकीतली एक बादली इथं आणून ठेवीन. ताईंच्या टाकीतून तीनच जातील. सात महिने. कर हिशोब."

फेलेतीनं फोन काढला, पण हिशोब केला नाही. त्यानं मामाच्या हातांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि फोन खिशात ठेवला. "बरोबर येतं," तो हळूच म्हणाला.

पाउलिआसीला आता आपण काय करून बसलो ते उमगलं आणि त्याची नजर जमिनीकडे गेली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. तो लाविनियासाठी नव्हता, फेलेतीसाठीही नव्हता.

"पाणी सकाळी तू आणायचं, संध्याकाळी मी बाहेर ठेवायचं, आणि त्यात परत तूच हात धुवायचे. एवढी ये-जा होणारच आहे तर साबण पण ठेवत जाऊ का?"

लाविनिया सवयीनं पुढं झाली. "बाबा, आत्या विचारते—"

"ऐकू आलं मला," पाउलिआसी डोळे पुसत म्हणाला. "बहिरा नाही झालो अजून."